विमान सुरक्षित की रेल्वे? आधी भागाकार कशाने केला ते विचारा

प्रश्न असा आहे: विमान अपघाताची बातमी आली की घरातले वडीलधारे म्हणतात, 'रेल्वेनेच जा, निदान जमिनीवर तरी असते.' दुसरीकडे 'विमान हेच सर्वांत सुरक्षित वाहन' असंही सगळीकडे वाचायला मिळतं. मग खरं काय? माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात गेली आणि त्यातला बराच वेळ अपघातांचे चौकशी अहवाल वाचण्यात गेला. विमानांचेही वाचले, कारण ते जास्त नीट लिहिलेले असतात. माझा कल थोडा रेल्वेकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

थोडक्यात उत्तर: लांबच्या अंतराला विमान, जवळच्या अंतराला रेल्वे, आणि मधल्या पट्ट्यात कोणती रेल्वे व कोणती विमान कंपनी यावर सगळं ठरतं. गंमत अशी की हा मधला पट्टा बराच रुंद आहे.

सुरक्षेचा कुठलाही आकडा म्हणजे एक भागाकार. वर मृत्यूंची संख्या, खाली किलोमीटर, तास किंवा फेऱ्या. ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या १९९० च्या दशकातल्या आकड्यांवरून केलेलं एक जुनं कोष्टक आहे, ते या बाबतीत फार बोलकं आहे. दर अब्ज प्रवासी-किलोमीटरमागे (एक प्रवासी एक किलोमीटर गेला की एक) मृत्यू पाहिले तर विमान ०.०५, रेल्वे ०.६ आणि मोटार ३.१. म्हणजे विमान रेल्वेच्या बारापट सुरक्षित. तेच मृत्यू दर अब्ज तासांमागे मांडले की विमान ३०.८ आणि रेल्वे ३०, जवळजवळ बरोबरी. आणि दर अब्ज फेऱ्यांमागे मांडले की विमान ११७, मोटार ४०, रेल्वे २०. इथे विमान मोटारीपेक्षाही मागे पडतं. अपघात तेच, माणसं तीच, फक्त छेद बदलला. विमान कंपन्यांना किलोमीटरचं माप आवडतं आणि रेल्वेवाल्यांना फेरीचं, यात काही आश्चर्य नाही.

यातलं कोणतं माप खरं? धोका कुठे असतो त्यावरून ठरवावं. विमानाचा धोका अंतरावर सारखा पसरलेला नसतो. प्राणघातक अपघातांपैकी जवळपास निम्मे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात आणि प्रत्यक्ष उतरताना होतात, आणि हा टप्पा उड्डाणाच्या वेळेचा चार-पाच टक्केच असतो. उरलेल्यांतले बरेचसे उड्डाणाच्या सुरुवातीला. मधले कित्येक तास दहा-अकरा किलोमीटर उंचीवर विमान शांतपणे चाललेलं असतं, आणि तेच तास प्रवासात किलोमीटरची भर घालत असतात. म्हणून दहा हजार किलोमीटरच्या उड्डाणाचा धोका हजार किलोमीटरच्या उड्डाणाच्या दसपट नसतो. थोडासाच जास्त असतो. विमानाला फेरीचं माप न्याय्य आहे. रेल्वेचं तसं नाही. रुळाचा प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक फाटक, प्रत्येक स्टेशनाचे पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे) आपापला धोका घेऊन येतात. तिथे किलोमीटर हेच माप बरं.

आता दोन्ही एकत्र करू. वरच्याच कोष्टकात विमानाच्या एका फेरीचा धोका, ११७, याला रेल्वेच्या एका किलोमीटरच्या धोक्याने, ०.६ ने भागलं की उत्तर येतं १९५. अर्थ असा की त्या काळच्या ब्रिटनमध्ये साधारण दोनशे किलोमीटरपर्यंत रेल्वे सुरक्षित आणि त्यापुढे विमान. या दोनशे किलोमीटरला आपण 'बरोबरीचं अंतर' म्हणू.

त्यानंतर दोन्ही बाजू बदलल्या. एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने काढलेल्या हिशोबाप्रमाणे २०१८ ते २०२२ या काळात जगभरात दर १ कोटी ३७ लाख प्रवासी-उड्डाणांमागे एक मृत्यू झाला. १९६८ ते १९७७ या काळात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होतं. अब्जाच्या भाषेत आजचा आकडा ७३. युरोपीय संघातल्या रेल्वे प्रवाशाचा धोकाही खाली येऊन दर अब्ज किलोमीटरला ०.१ च्या आसपास आला. भागाकार करा: ७३० किलोमीटर. बरोबरीचं अंतर एकदम साडेतीनपटीहून जास्त वाढलं, रेल्वेच्या बाजूने.

पण थांबा. हे जगभरचं विमान आणि युरोपातली रेल्वे अशी मिसळ झाली. त्याच अभ्यासात सर्वांत सुरक्षित गटातल्या देशांच्या विमान कंपन्यांचा धोका सुमारे आठ कोटी उड्डाणांमागे एक असा आहे. तो घेतला की बरोबरीचं अंतर पुन्हा सव्वाशे किलोमीटरवर येतं. तळाच्या गटातल्या देशांत विमानाचा धोका वरच्या गटाच्या तीसपटींहून अधिक निघतो, म्हणजे तिथे ते काही हजार किलोमीटरवर जाईल. एकाच प्रश्नाची उत्तरं सव्वाशेपासून हजारांपर्यंत पसरतात, तेव्हा प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे असं समजावं. 'विमान की रेल्वे' हा फरक छोटा आहे. 'कोणतं विमान, कोणती रेल्वे' हा फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. माझं मत विचाराल तर सगळं उत्तर इथेच आहे.

शिवाय हे आकडे फार हलके आहेत. मृत्यू इतके कमी की एका मोठ्या अपघाताने वर्षाचा आलेख उडतो. २०१७ साली जगात कुठेही प्रवासी जेट विमानाचा प्राणघातक अपघात झाला नव्हता. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स पडली आणि मिळून ३४६ माणसं गेली, तीही एकाच सॉफ्टवेअरच्या दोषापायी. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून कोणी तावातावाने काही सिद्ध करत असेल तर सोडून द्यावं.

रेल्वेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथला धोका लोकांना दिसत नाही. 'जमिनीवर असते' या समजुतीत एक गोष्ट सुटते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, घर्षण कमी, म्हणून ताशी १३० किलोमीटर वेगातली गाडी थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो. ड्रायव्हरला पुढे अडथळा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याला बाजूलाही होता येत नाही. त्यामुळे रेल्वेची सुरक्षितता ड्रायव्हरच्या डोळ्यांत नसते. ती सिग्नल, पॉइंट आणि इंटरलॉकिंगमध्ये (पॉइंट व सिग्नल एकमेकांशी जुळल्याशिवाय हिरवा न देणाऱ्या जोडणीत) असते. हिरवा सिग्नल म्हणजे 'पुढचा मार्ग मोकळा आणि पक्का आहे' असं यंत्रणेने दिलेलं वचन. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की काहीही बिघडलं, वीज गेली, तार तुटली, तरी सिग्नल लालच झाला पाहिजे. गाडी उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल.

हा नियम मोडतो तो बहुधा दुरुस्तीच्या वेळी. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ माणसं गेली. नवी वायरिंग करताना एक जुनी तार कापून बाजूला न करता तशीच सोडली होती. ती पुन्हा टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल हिरवा राहिला. चौकशीत निघालं की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. पुढे २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण पॉइंट बाजूच्या लूप लाइनला लागलेले होते आणि लूपवर मालगाडी उभी होती. जवळपास ३०० मृत्यू. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट पुन्हा सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या चुकांकडेच गेलं. पस्तीस वर्षांचं अंतर, दोन खंड, आणि जखम एकच: वायर बदलली, पण बदलानंतरची तपासणी व्हायला हवी तशी झाली नाही. क्लॅपहॅमचा अहवाल मी अनेकदा वाचला आहे. बालासोरची बातमी आली तेव्हा तपशील बाहेर यायच्या आधीच मनात हाच संशय होता.

सिग्नल बरोबर असूनही माणूस चुकू शकतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला, समोरासमोर टक्कर झाली, ३१ गेले. जुलै २०१३ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोजवळ ताशी ८० किलोमीटरच्या वळणावर गाडी १८० च्या आसपास वेगाने शिरली. तिथेही जवळपास ८० गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीसमधल्या टेंपीजवळ दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर बारा मिनिटं धावत राहिल्या आणि ५७ जण मेले. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट नव्हती किंवा चालू नव्हती: ड्रायव्हर चुकला तर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा. युरोपात तिला ईटीसीएस म्हणतात, भारतात कवच, जपानमध्ये एटीसी. एखादी रेल्वे सुरक्षित आहे का असं मला विचारलं तर मी डबे, वेग, स्टेशनची चकाकी काही बघत नाही. ही यंत्रणा किती मार्गावर बसवली आहे आणि ती रोज चालू असते का, एवढंच बघतो.

जपानची शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली. तेव्हापासून रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन तिथे एकही प्रवासी मेलेला नाही. २००४ च्या भूकंपात धावती गाडी रुळावरून उतरली, तरी कोणी गेलं नाही. तिथे रूळ स्वतंत्र, फाटक एकही नाही, वेगावर यंत्राचा ताबा, आणि भूकंपाची पहिली लाट टिपून वीज तोडणारे सेन्सर. या गाडीसाठी बरोबरीच्या अंतराचा भागाकारच होत नाही, कारण छेदात शून्य येतं. पण वेग म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही नाही. १९९८ मध्ये जर्मनीत एशेडे इथे हायस्पीड गाडीच्या चाकाची धाव तुटली आणि १०१ माणसं गेली.

मात्र रेल्वेबाजूच्या बहुतेक मृत्यूंचा या सगळ्या नाट्याशी संबंध नसतो. युरोपीय संघात आत्महत्या वगळता दरवर्षी सुमारे ८०० माणसं रेल्वेमुळे मरतात. त्यांत गाडीत बसलेले प्रवासी अगदी थोडे असतात. बहुसंख्य रूळ ओलांडणारे आणि फाटकावर सापडलेले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी रेल्वे अपघातांत २०,००० हून जास्त मृत्यू नोंदवले, आणि त्यांतले सुमारे ७० टक्के गाडीतून पडलेले किंवा रुळावर गाडीखाली आलेले. हा आकडा 'रेल्वे प्रवासाचा धोका' म्हणून विमानाशी तोलला की रेल्वे भयानक वाटते. तो पूर्ण वगळला की रेल्वे निष्पाप वाटते. दोन्ही चूक. चालत्या गाडीच्या दारातून पडलेला माणूस प्रवासीच असतो. उंचावर उडणाऱ्या विमानाचं दार कोणी उघडू शकत नाही. रेल्वेचं उघडं असू शकतं. ज्या रेल्वेची दारं आपोआप बंद होतात आणि जिथे फलाट व डब्यातली फट छोटी आहे, तिथे हा धोका जवळजवळ संपतो. नाहीतर तो बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतो. आसनावर बसलेल्या माणसासाठी मी वरचे किलोमीटरचे आकडे वापरेन. दारात उभ्या असलेल्या माणसासाठी नाही.

विमानाकडे वळू. लोकांच्या मनात विमान अपघात म्हणजे सगळे संपले, असं चित्र असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० या काळातले तिथल्या विमान कंपन्यांचे अपघात तपासले, तेव्हा त्या विमानांतली ९५.७ टक्के माणसं वाचली होती. यात किरकोळ अपघातही धरले आहेत हे खरं, पण आग आणि मोठी मोडतोड झालेल्या गंभीर अपघातांतही निम्म्याहून अधिक वाचले. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं एअरबस ए३५० तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले, पण एअरबसमधले सगळे ३७९ बाहेर आले आणि मग विमान जळून खाक झालं. प्रवाशांनी बॅगा सोडल्या म्हणून हे जमलं. उलट टोकाला जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात: विमानातल्या २४२ पैकी एकच वाचला. विमानाचा अपघात क्वचित होतो, पण उड्डाण करताना उंची आणि वेग हाताशी नसताना झाला तर तो निर्दय असतो. रेल्वेचा मोठा अपघातही गाडीतल्या बहुसंख्यांना सहसा जिवंत सोडतो. ज्या मनाला 'झालंच तर वाचण्याची आशा' महत्त्वाची वाटते, त्याने रेल्वे निवडली तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. सरासरी धोका आणि भीतीचा आकार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

विमान क्षेत्र पुढे गेलं ते इंजिनांमुळे जितकं, तितकंच चुका सांगायच्या पद्धतीमुळे, असं मला वाटतं. आमच्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. आजही तो सर्वांत मोठा विमान अपघात आहे. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, आणि कॅप्टन चुकत असेल तर सहवैमानिकाने बोललंच पाहिजे, असं प्रशिक्षण पुढे रुजलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकून ३४९ गेले, आणि टक्कर टाळणारं यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. २००२ मध्ये जर्मनीच्या युबरलिंगेनवर यंत्राने एक सांगितलं आणि नियंत्रकाने उलटं. ७१ मेले, आणि अशा वेळी यंत्राचं ऐकायचं हे पक्कं झालं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. एका देशात विमान पडलं की धडा सगळ्या देशांना लागू होतो.

रेल्वे आपापल्या देशात बंदिस्त राहिली. एकाच्या चुकीचा धडा दुसऱ्याला पोहोचत नाही. वरचं क्लॅपहॅम आठवा. आणि शिक्षेची भीती. एप्रिल २००५ मध्ये जपानमधल्या अमागासाकीला एक लोकल ताशी ७० च्या वळणावर ११६ ने शिरली आणि १०७ माणसं गेली. ड्रायव्हर तेविशीतला होता, आधीच्या स्टेशनवर गाडी जरा पुढे गेल्यामुळे सुमारे दीड मिनिटाचा उशीर झाला होता, आणि उशिराबद्दल मिळणाऱ्या अपमानास्पद 'प्रशिक्षणा'ची धास्ती होती. ज्या देशाने शिंकान्सेन बांधली, त्याच देशातली ही गोष्ट. मी ज्या चौकशांना बसलो तिथेही पहिला प्रश्न 'कोण होतं ड्यूटीवर?' हाच असायचा. 'हे होऊ कसं शकलं?' हा प्रश्न चहानंतर यायचा, आला तर.

घातपाताबद्दल एवढंच सांगतो की विमानात झडती होते, रेल्वेत बहुधा नाही. २००४ चे माद्रिदच्या रेल्वेतले बॉम्बस्फोट विसरण्यासारखे नाहीत, पण वर्षांच्या सरासरीत या घटना आकडे फारसे हलवत नाहीत.

भीतीने निर्णय घेतला की माणूस कुठे वळतो, हे मात्र महत्त्वाचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान सोडून मोटार धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा माणसं मेली. विमान टाळून रेल्वे घेतली तर बिघडत नाही. विमान टाळून स्वतः गाडी चालवत निघालात तर हिशोब उलटा पडतो. अमेरिकेत २००० ते २००९ मध्ये मोटारीत दर अब्ज मैलांमागे ७.२८ मृत्यू होते. वरच्या जागतिक सरासरीतल्या एका उड्डाणाचा धोका त्या हिशोबाने सोळा किलोमीटर मोटारीइतका होतो. बऱ्याच विमानतळांचं अंतर त्याहून जास्त असतं.

प्रत्यक्ष करायचं काय? विमानाचं तिकीट काढताना थेट उड्डाण निवडा, कारण धोका फेरीचा आहे आणि मध्ये एकदा उतरलात की तो दुप्पट होतो. कंपनी अनोळखी असेल तर ती आयओसा या आंतरराष्ट्रीय सुरक्षा तपासणीच्या यादीत आहे का आणि युरोपीय संघाच्या बंदी यादीत तर नाही ना, हे बघा. दोन्ही याद्या सगळ्यांना खुल्या आहेत. बसल्यावर पट्टा लावलेलाच ठेवा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान हवेच्या झोतात सापडलं, एक प्रवासी गेला आणि अनेकांना मणक्याच्या, डोक्याच्या जखमा झाल्या. विमानाला काही झालं नव्हतं. सर्वांत जवळचं दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे ते मोजून ठेवा, धुरात दिसत नाही. रेल्वेत सुटणारी गाडी धावत पकडू नका, दारात उभं राहू नका, आणि वरच्या बर्थवरचं जड सामान खाली घ्या, कारण जोराचा ब्रेक लागला की तेच डोक्यावर येतं.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांना रेल्वेनेच जायचं असेल, अंतर पाच-सातशे किलोमीटर असेल, तर जाऊ द्या. आकड्यांत भांडण्याइतका फरक नाही. मात्र पहाटेच्या विमानासाठी कोणी रात्रभर मोटार चालवत विमानतळावर जाणार असेल, तर त्याच्याशी जरूर भांडा.